वकीलकाका गेले
आज नागपूरच्या अंबाझरी घाटावर ८४ वर्षांच्या वकीलकाकांना निरोप देऊन आलो, मन लागून नाही राहिलं. काका फौजेतल्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचे, १९७१ ची लढाई बघितलेले, अन् फौजेतून आल्यावर या माणसाने लॉ केलं आणि सिव्हिल लाइन्सच्या हायकोर्टात उभा राहिला, केवढी जिद्द! आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजींच्या केसेसचं वेगळं न्यायाधिकरण, २००९ मध्ये आलं, त्याआधी पेन्शनसाठी हायकोर्टातच रिट याचिका लावावी लागायची, ते काम काका जवानांच्या विधवांकडून एक पैसा न घेता करायचे. बाई आली की आधी चहा, मग फाइल, अन् प्रत्येक कागद तिला मराठीत वाचून दाखवणार. वकिलीतून रिटायर झाल्यावरही लोक यायचेच. तेरवीला ज्यांच्या केसेस काकांनी लढल्या त्या सगळ्यांनी या, काकूंना बरं वाटेल.