तुम्ही विचारलंत म्हणून: गोधडीच्या काठाला झोल का येतो?

गोधडी शिवणाऱ्या अनेक जणी मला विचारतात की, तुकडे जोडलेला मधला भाग सपाट बसतो, मग काठ लावल्यावरच कडेला झोल का येतो?

दोष बहुधा मापाचा असतो. लांब पट्टी कडेवर ठेवायची, शिवत जायचे आणि टोकाला उरेल ती कापून टाकायची, ही सवय सर्रास दिसते. पण जोडताना, उचलताना, उलटसुलट करताना कड सतत ताणली जाते आणि मधल्या भागापेक्षा थोडी वाढलेली असते, त्यामुळे तिच्या मापाची पट्टी लावली की ती वाढही कायमची शिवली जाते. म्हणून गोधडी जमिनीवर अंथरून टेप मधून धरावा, मध्याच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक माप घ्यावे आणि तिन्हींची सरासरी काढून दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्याच लांबीच्या कापाव्यात. पट्टीचा मध्य गोधडीच्या मध्याशी आणि टोके टोकांशी टाचून घ्यावीत. मध्ये कड थोडी जास्त वाटली, तर ती टाचण्यांमध्ये जिरवून घ्यावी. वरच्या आणि खालच्या पट्ट्यांचे माप मात्र बाजूंच्या या पट्ट्या शिवून, इस्त्री करून झाल्यावरच, पुन्हा मधून घ्यावे.

पट्टी कशातून काढता, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. जुन्या लुगड्याचा काठ मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण तो उभ्या धाग्याने जातो आणि उभा धागा सर्वांत कमी ताणला जातो. उरेब, म्हणजे कापडावर तिरपी कापलेली पट्टी मात्र हातातच वाढते. नऊवारीचा एक काठ सत्तावीस फुटांचा, तर पाच बाय सात फुटांच्या गोधडीचा घेर चोवीस फुटांचा; म्हणजे एका काठात गोधडी पूर्ण होते आणि घोट्यांशी घासून विरलेला भाग टाळायलाही जागा राहते. माझ्या आजीच्या इरकली लुगड्याचा काठ हातात घेतला की रेशमाची ती घट्ट वीण आजही जाणवते. फक्त अशा काठाला नवे सुती कापड जोडणार असाल, तर ते आधी भिजवून वाळवावे; सूत धुतल्यावर आटते, रेशीम तितके आटत नाही आणि पहिल्याच धुण्यात काठाला चुण्या पडतात.

कोपऱ्यावर तिरपी जोड सुंदर दिसते खरी, पण तिथे कापड उरेब कापावे लागते. रोज अंगावर घ्यायच्या गोधडीला मी पट्टीवर पट्टी सरळच घेते. (कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, मुळातच कडेपासून आत शिवत जातात आणि कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाच्या त्रिकोणी घड्या बसवतात; ते काम जरूर पाहावे.)

शेवटी, धावदोरा मधल्या भागात संपवू नका. काठावरूनही दोन-तीन ओळी सर्व थरांतून घाला, म्हणजे आतले थर धुताना गोळा होणार नाहीत.