व्हिडिओ बघून झाला म्हणजे अभ्यास झाला असं नाही

कोल्हापूरहून येणाऱ्या फोनमध्ये हल्ली एक नवा विषय आलाय. पूर्वी "तिकडं थंडी किती पडते?" आणि "ज्वारीचं पीठ मिळतं का गं?" एवढ्यावर बोलणं संपायचं. आता शिरोली एमआयडीसीत कामाला असलेला आतेभाऊ, राजारामपुरीतल्या मैत्रिणीची जाऊ, बारावीनंतर लग्न होऊन शिक्षण सुटलेली आमच्या गल्लीतली वहिनी, सगळ्यांनी कुठं ना कुठं ऑनलाइन पदवीला नाव घातलंय. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: घर, नोकरी सांभाळून अभ्यास बसवायचा कसा?

मी इथं इंग्लंडमधल्या लीड्समध्ये नोकरी करत ओपन युनिव्हर्सिटीतून संख्याशास्त्र शिकते आहे. या विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू झाला. त्यांची व्याख्यानं बीबीसीवर भल्या पहाटे नाहीतर रात्री उशिरा लागायची. वर्गात न बसता, कामधंदा करत शिकणाऱ्यांना शिकवण्याचा पन्नासहून जास्त वर्षांचा अनुभव या विद्यापीठाच्या गाठीशी आहे, आणि त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे इथं आधी तास सांगतात. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट म्हणजे १० तासांचा अभ्यास. ६० क्रेडिटचा विषय घेतला की ६०० तास, म्हणजे आठवड्याला साधारण १६ ते १८ तास लागणार हे नाव घालायच्या आधीच माहीत असतं. आपल्याकडं दूरशिक्षणात एक क्रेडिट ३० तासांचं धरतात. चार क्रेडिटचा एक पेपर १२० तासांचा. सत्राला असे पाच पेपर असले की तेही ६०० तासच झाले. प्रवेश घेताना फीचे हप्ते किती हे प्रत्येकजण विचारतो. तास किती, हे विचारणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

गणपतीला घरी आले होते तेव्हा आतेभाऊ वही घेऊन समोर बसला. "ताई, सगळी लेक्चरं बघून झाली, पण ध्यानात काय ऱ्हाईना झालंय." बी.कॉम.चं पहिलं सत्र. पोरगा कष्टाळू आहे, कंपनीच्या बसमध्येसुद्धा मोबाइलवर व्हिडिओ लावतो. त्याच्या पोर्टलवर प्रत्येक धड्याखाली चार गोष्टी होत्या: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःला तपासायचे प्रश्न आणि चर्चेची जागा. आपल्याकडचे ऑनलाइन अभ्यासक्रम असेच चार भागांत बांधलेले असतात, 'स्वयम' या सरकारी पोर्टलवरचेसुद्धा. त्याचं सगळं बळ पहिल्या भागात खर्च होत होतं. प्रश्नांच्या पानाला हातच लागला नव्हता, कारण "ते लेक्चर पुरं झाल्यावर करायचं" असं त्यानं ठरवलेलं.

यावर मी जरा ठासून बोलते, कारण हे चुकलं की बाकीचं नियोजन कितीही चांगलं असलं तरी उपयोग होत नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या एका गटानं एक उतारा चार वेळच्या बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं तो एका बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन वेळा कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढं होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्याला आणि व्हिडिओ बघणाऱ्याला त्या घडीला सगळं येतंय असं वाटतं, ते वाटणं खरंही असतं, पण ते परीक्षेपर्यंत टिकत नाही. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यात सगळ्यात वरचा दर्जा दोनच पद्धतींना मिळाला: स्वतःची चाचणी घेत राहणं आणि अभ्यास थोडा थोडा करून दिवसांवर पसरवणं. रंगीत पेननं ओळी रंगवणं आणि पुन्हा वाचणं या आपल्या लाडक्या सवयी खालच्या दर्जात गेल्या.

म्हणून आतेभावाला सांगितलं, व्हिडिओ दहा-बारा मिनिटांनी थांबवायचा, वही मिटायची आणि कोऱ्या पानावर काय कळलं ते लिहायचं. आम्ही घसाऱ्याचा, म्हणजे वापरातल्या यंत्राची किंमत दरवर्षी कशी घटवत न्यायची त्याचा, धडा घेतला. त्यानं व्हिडिओ मन लावून बघितला. पान समोर ठेवल्यावर सरळ रेषा पद्धतीचं सूत्र आठवलं, पण घटत्या शिल्लक पद्धतीत दुसऱ्या वर्षाचा घसारा कोणत्या रकमेवर काढायचा तिथं पेन थांबलं. मग तेवढाच भाग पुन्हा बघितला, लेथ मशिनचं उदाहरण घेऊन १,००,००० रुपये किमतीवर १० टक्क्यांनी आकडे मांडले: पहिल्या वर्षी १०,०००, दुसऱ्या वर्षी उरलेल्या ९०,००० वर ९,०००. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन येता येता त्यानं ते मला न बघता सांगितलं. कुठं अडलं हे कळणं हाच त्या कोऱ्या पानाचा फायदा आहे, आणि तेवढं कळलं की पुन्हा बघायला अख्खा तास लागत नाही.

आता वेळापत्रक. विद्यापीठाचा आठवडा सोमवारी सुरू होतो, आतेभावाचा मंगळवारी, कारण त्याची सुट्टी सोमवारची. शिवाय फर्स्ट, सेकंड आणि नाईट अशा शिफ्ट आठवड्याला फिरतात. अशा माणसाला एकच वेळापत्रक देणं म्हणजे ते मोडायला देणं. आम्ही तीन केली, प्रत्येक शिफ्टचं वेगळं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात दुपारी घरी आल्यावर जेवण, झोप, आणि संध्याकाळी दोन तास. सेकंडला सकाळचा वेळ मोकळा, तिथं जड विषय. नाईटच्या आठवड्यात ड्यूटीवरून आल्या आल्या पुस्तक उघडायचंच नाही. आधी झोप, उठल्यावर एक बैठक, तीही हलक्या कामाची: कार्डं (ती कशी करायची ते पुढं सांगते), प्रश्नोत्तरं, असाइनमेंटचं लिखाण नीट उतरवणं. सोमवारी सकाळी मोठी बैठक, आणि दुपारनंतर सुट्टी म्हणजे सुट्टी. सुट्टीचा पूर्ण दिवस अभ्यासाला लावणारी माणसं सत्राच्या मध्यावर गळतात, हे मी इथल्या माझ्या अभ्यासगटातही बघितलंय.

तास मोजले तर लागणारे जास्त निघाले आणि हातातले कमी. हे बहुतेकांचं होणार. यावर झोप कापणं हा उपाय नाही. कोणते पेपर आपल्याला आधीच थोडे येतात ते बघायचं (हा स्टोअरमध्ये काम करतो, साठ्याचा हिशोब त्याला पुस्तकापेक्षा जास्त कळतो), तिथले तास काढून अडणाऱ्या पेपरला द्यायचे. तरीही बसत नसेल तर पदवी पूर्ण करायची जास्तीत जास्त मुदत किती ते नियमात वाचायचं. इग्नू या मुक्त विद्यापीठात तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. चार वर्षांत नीट शिकून पदवी घेतली तर त्यात कमीपणा वाटण्यासारखं काहीच नाही.

तारखा कुठं लिहायच्या यावर माझं मत ठाम आहे: स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर. मोबाइलमधलं कॅलेंडर एकट्याला दिसतं. भिंतीवरच्या त्या चौकोनांत दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, मुलाच्या शाळेची फी आधीच लिहिलेली असते, आणि ते घरातलं प्रत्येकजण रोज बघतं. त्याच चौकोनात लाल पेननं 'अकाउंट्स असाइनमेंट' लिहिलं की पाहुण्यांना कधी बोलवायचं, जोतिबाला कधी जायचं हे ठरवताना आत्या आपणहून म्हणते, "त्या रविवारी नगं, ह्याचं काहीतरी आहे." एवढी मदत मला लीड्समध्ये कुणी करत नाही. इथं घरात शांतता भरपूर असते, पण आज बसलीस का म्हणून विचारायला कुणी नसतं. आमच्या गटातले आम्ही काहीजण ठरलेल्या वेळी कॅमेरा चालू ठेवून, न बोलता, आपापला अभ्यास करत बसतो, ते त्यासाठीच. असाइनमेंटची खरी तारीख लिहायची आणि त्याच्या चार दिवस आधी आपली तारीख लिहायची. मुदतवाढ लागणारच असेल तर ती तारीख उलटायच्या आधी मागायची. आधी मागितली तर बहुधा ऐकून घेतात.

शांततेचा प्रश्न कोल्हापुरात खरोखर अवघड आहे. दोन खोल्या, टीव्ही, शेजारच्यांचं येणं-जाणं, आणि गणपतीत तर मंडपाचे स्पीकर. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढं अनेक समाजांसाठी वसतिगृहं उभी राहिली, कारण खेड्यातून आलेल्या पोरांना शिकायला शाळा होती, पण राहून अभ्यास करायला जागा नव्हती. ऑनलाइन शिकणाऱ्याची अडचण मला तशीच वाटते. कॉलेज मोबाइलमध्ये घरी आलं, पण बसायला कोपरा मिळाला नाही. म्हणून एमपीएससीवाल्यांसारखी अभ्यासिकेची खुर्ची लावा असं मी सांगते. महिन्याचे पैसे भरले की पाय आपोआप तिकडं वळतात. ज्यांना घर सोडता येत नाही, विशेषतः लहान मुलं असलेल्या बायकांना, त्यांनी निदान वेळ मागून घ्यावी. मैत्रिणीच्या जावेनं घरात सांगून टाकलंय की रात्री आठ ते साडेनऊ भाकरी दुसरं कुणीतरी थापेल. सासूबाईंनी ते मनावर घेतलं आणि आता त्याच तिला विचारतात, "झाला का गं तुझा पेपर?" मला त्या घराचं फार कौतुक वाटतं.

एक गोष्ट अगदी फुकटात होते. आपल्याकडं प्रत्येक घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. त्यांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं करायची, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. मिठाईच्या खोक्यात तीन कप्पे. पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्यानं. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की पुन्हा पहिल्यात. ही पद्धत सेबास्टियान लाइटनर या जर्मन पत्रकारानं १९७० च्या दशकात लोकांपुढं आणली. मोबाइलवर 'अँकी' हे ॲप हेच काम करतं, पण आतेभावाला मोबाइल हातात घेतला की व्हॉट्सॲप बोलावतं, त्यामुळं त्याच्यासाठी पत्रिकाच बऱ्या. आता कंपनीच्या बसमध्ये व्हिडिओऐवजी खिशातली कार्डं असतात. २५ मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती या पोमोडोरो पद्धतीबद्दलही विचारतात. थकून आल्यावर सुरुवात करायला ती छान आहे. गणितं सोडवताना मात्र मला मध्येच घंटा वाजलेली चालत नाही, तिथं मी पन्नास मिनिटं बसते.

इंग्लंडमधल्या विद्यापीठाचा कोर्स कोल्हापुरातून करणाऱ्यांनी घड्याळाचं बघून ठेवावं. इथला संध्याकाळी सातचा वर्ग उन्हाळ्यात तुमच्याकडं रात्री साडेअकराला असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागं जातात, की तोच वर्ग साडेबाराला. रेकॉर्डिंग मिळतं का हे प्रवेशाआधीच विचारा.

आतेभावाची परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर आहे. त्यासाठी सराव चाचणी मिळते ती त्यानं त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, त्याच लॅपटॉपवर द्यायची ठरवलीय. उजेड तोंडावर येईल असं टेबल फिरवलं. वीज गेली तर राउटर इन्व्हर्टरवर राहील अशी वायर जोडून घेतली, आणि आत्याच्या मोबाइलवर दुसऱ्या कंपनीचा नेटपॅक मारला. परीक्षेचे दिवस कालनिर्णयवर लिहून झालेत, आणि त्या दिवसांसाठी त्यानं सुट्टीचा अर्ज आत्ताच सुपरवायझरकडं दिलाय.