रूबी माउंटनच्या बेसॉल्टखालचं सोनं

आमचं गाव विट्याजवळचं, त्यामुळे घरटी कुणी ना कुणी गलाईत, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात. अण्णांचं दुकान कोईमतूरला होतं. सोनारांकडची राख, झाडलोट पोत्यानं यायची. परातीत पाणी घालून ती हलवत राहायची, हलकं वरच्या वर सोडून द्यायचं. तळाशी काळपट रेघ उरली की ती मुशीत. पुढे भूगर्भशास्त्राला गेले तेव्हा नदीच्या वाळूतलं सोनं मला वेगळं शिकावं लागलं नाही.

कॅनडातल्या अ‍ॅटलिन सरोवराचा भाग म्हणूनच माझ्या जिव्हाळ्याचा. ब्रिटिश कोलंबियाचं उत्तर टोक, चहूकडे डोंगर, दक्षिणेला लुएलिन हिमनदी. १८९८ मध्ये पाइन क्रीकवर सोनं सापडलं, झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जे. सी. ग्विलिम पाहणीला पोचले.

काम सोपं नव्हतं. पाणी निवडतं, जड ते तळाशी ठेवतं. हिमनदीला निवड माहीत नाही. धोंडे, गोटे, चिखल सगळं एकत्र लोटते आणि बर्फ वितळला की तसंच टाकून देते. त्या गाळात सोनं असलं तरी विखुरलेलं. खरी श्रीमंत खडी त्या गाळाखाली, गंजल्यासारखी पिवळी, बर्फाच्याही आधीच्या ओढ्यांनी साठवलेली. हिमनदीनं कुठे ती खरवडून नेली आणि कुठे नुसती झाकली, हे ओळखण्यातच सर्वेक्षकाचा कस लागतो. मला हे फार मोठं काम वाटतं.

रूबी क्रीकवर तर झाकण बेसॉल्टचं आहे! रूबी माउंटन ज्वालामुखीचा लाव्हा सोन्याच्या खडीवरून वाहत गेला. खांबाखांबांचा काळा पाषाण, अगदी आपल्याकडच्यासारखा.

हे ऐकून भाच्यानं विचारलं, "आत्या, मग आपल्या काळ्या दगडाखाली पण असंल की!"

आपला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी पाटण तालुक्यात गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, त्यात सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपला आणि ग्रॅनाइट-नाइस हा त्याहून जुना, पायाचा खडक लागला. कर्नाटकातल्या कोलार, हट्टीचं सोनं आहे ते हिरवट शिस्टच्या, म्हणजे पापुद्र्यांच्या खडकाच्या पट्ट्यांत. म्हणून त्याला सांगितलं, खोलीचं काही नाही रे, कोलारची खाण तीन किलोमीटरच्याही खाली गेली होती. पण गोठण्याला लागला तो खडक सोन्याचा नव्हे.