उभी केली की धूर

वैशाखात आमच्या अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, लग्नाच्या तिथी दाट असतात आणि माझ्या गॅरेजवर तापलेल्या गाड्यांची रांग लागते. पारा 43-44 वर, सात जणांच्या गाडीत दहा माणसं आणि एसी फुल्ल. दुसरं काय होणार? बहुतेक कामं ठरलेली असतात. रेडिएटरच्या जाळीत कचरा अडकलेला, फॅन मोटर जळालेली, नाहीतर पाण्याचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅटच कुणीतरी काढून फेकलेला. अशा गाड्या आल्या आल्या कळतात. आप्पांची गाडी तशी नव्हती.

आप्पा पारोळ्याकडचे, कापूसवाले. गाडी 2008 ची, टर्बो डिझेल, सेकंडहँड घेतलेली, मीटर अडीच लाखांच्या पुढे. गाडीतून उतरता उतरताच त्यांनी गाऱ्हाणं सांगितलं, "मिस्तरी, जवय चालस तवय काहीच नही. उभी करी का मंग धूर निंघस." आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. एका मोठ्या शहरातल्या गॅरेजनं 'टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) गेला' म्हणून एस्टिमेट दिलं होतं. टर्बो असेंब्ली, पाइप, मजुरी धरून पंचेचाळीस हजारांच्या वर. "पोऱ्यानं लगीन शे आठ दिनमा," आप्पा म्हणाले. तो पोऱ्याच, म्हणजे नवरदेव, गाडी चालवत आला होता.

धूर कुठून येतो हे मी गिऱ्हाइकाला विचारत नाही. बॉनेटखाली धूर फिरतो, फटीतून निघतो, निघतो तिथे दोष असतोच असं नाही. मी विचारतो कधी येतो ते. नवरदेवानं नीट सांगितलं: गाडी बंद केल्या केल्या नाही, चार-पाच मिनिटांनी. डिझेल भरून पैसे देईपर्यंत काही नसतं, मग पाठीमागचा गाडीवाला ओरडतो. रंग कोणता, यावर मात्र बापलेकांची जुंपली. आप्पा म्हणाले पांढरा, पोरगा म्हणाला निळसर. आणि या वादात मागच्या सीटवरून आक्का, म्हणजे आप्पांच्या मंडळी, बोलल्या. गाडीत बसलं की गोड-गोड वास येतो, गुळाच्या कढईजवळ उभं राहिल्यासारखा. आधीच्या गॅरेजात त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्या मागे बसतात, त्यांना काय कळणार, असंच सगळे धरून चालतात.

मला तर त्यांच्या बोलण्यातच अर्धं काम झाल्यासारखं वाटलं. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, इथिलीन ग्लायकॉल असतं, तापलं की त्याचा गोडसर वास येतो. तो वास आत केबिनमध्ये येत असेल तर गळती बहुधा इंजिनाच्या मागच्या अंगाला, कारण एसीची ताजी हवा आत ओढणारी जाळी पुढच्या काचेच्या पायथ्याशी असते. पुढचा रेडिएटर गळला तर वास आधी बाहेरच्या माणसाला येतो.

तरी टर्बो बघणं भागच होतं, नाहीतर आप्पांचं समाधान झालं नसतं. हवेचा पाइप काढला. आतून तेलकट होता, आणि याच तेलावरून टर्बोचा निकाल लावला गेला होता. पण क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या पोटातली, तेलाची वाफ ब्रीदरच्या नळीतून टर्बोच्या तोंडाशीच सोडलेली असते. जुन्या डिझेलच्या पाइपला तेवढा ओलावा असतोच. पाइपातून तेल ओतून निघायला लागलं तर गोष्ट वेगळी. मी बोटानं टर्बोचा शाफ्ट हलवून पाहिला. आडवा किंचित हलला, तेवढा प्ले लागतोच, कारण शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर फिरतो. पुढे-मागे ओढला तर हालचाल जाणवण्याइतकीही नाही. पाती हाऊसिंगला कुठे घासलेली नव्हती. गाडी चालू करून रेस दिली, सायलेन्सरमधून तेल जळल्याचा निळा धूर नाही. टर्बो ठणठणीत होता. पोरगा कागदाकडे बघत राहिला.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं तेल, पाणी आणि गॅस वेगळं ठेवणारं पॅकिंग, त्याचीही शंका काढून टाकली. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ नाही, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे नाहीत. बाटलीच्या तोंडावर निळ्या औषधाची नळी लावून बघितली. जळलेला गॅस पाण्यात घुसत असेल तर त्याचा रंग बदलतो. ते निळंच राहिलं.

मग थंड इंजिनाला हातपंप लावून 15 पीएसआय दाब भरला. चहा झाला, दुसरी एक गाडी बघून झाली, काटा जागचा हलला नाही. कुठेही थेंब नाही. इथे पुष्कळ मिस्तरी 'गळती नाही' म्हणून मोकळे होतात. पण गिऱ्हाईक सांगत होतं की धूर गाडी तापल्यावर आणि बंद केल्यावरच येतो, मग थंड इंजिनाची चाचणी कितपत मानायची? म्हातारा रबर थंडीत कडक असतो, भेग मिटून राहते.

आप्पा, आक्का, पोरगा, माझे दोन कारागीर, सगळ्यांना गाडीत बसवलं, एसी लावला आणि धुळ्याच्या रस्त्याला दामटली. परत येऊन गाडी सावलीत घेतली, लगेच बंद केली, बॉनेट उघडून वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं. इंजिन बंद झालं की पाण्याचा पंपही थांबतो. लोखंडातली उष्णता मात्र लगेच कुठे जात नाही, ती जागच्या पाण्यात उतरते. त्यामुळे बंद केल्यानंतर काही मिनिटं पाण्याचं तापमान आणि दाब आणखी चढतात. टर्बोचं तर विचारू नका. भरल्या लोडवर डिझेलच्या टर्बोतून जाणारा धूर 600-700 अंशांचा असतो, आणि गाडी थांबली की त्याच्यावरून जाणारं वारंही थांबतं.

बारीकसा सुस्स आवाज आला. नुसत्या डोळ्यांना काही दिसेना, म्हणून कारागिरानं मोबाइल आत धरून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला. त्यात दिसलं. टर्बोच्या मागून हीटरकडे जाणाऱ्या रबरी पाइपच्या वळणावर, पोटाच्या बाजूला, सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पाण्याची एक रेघ निघत होती, टर्बोच्या तापलेल्या लोखंडावर पडत होती आणि पडताच नाहीशी होत होती. दोन-तीन क्षणांनी तिथूनच पांढरा लोट उठायचा. इंजिन निवल्यावर आरसा घालून पाहिलं तर पाइपची ती बाजू भाजून चकचकीत तपकिरी झालेली, बारीक भेगांनी भरलेली, आणि भोकाभोवती हिरवट-पांढरी खपली. नखानं खरवडली तर कडक. चालत्या गाडीतही ते गळत असणारच, पण वाऱ्यानं वाफ गाडीखालून उडून जायची.

पाइप एकाच बाजूनं का भाजावा? टर्बोवर पत्र्याचं एक कवच असतं, शेजारच्या रबर-प्लॅस्टिकला धग लागू नये म्हणून. या गाडीला ते नव्हतंच. बोल्टच्या जागा होत्या, त्यातल्या एकीत तुटका बोल्ट तसाच अडकलेला. पूर्वी कधीतरी कुणाच्या हातून बोल्ट तुटला असणार, पत्रा खडखडायला लागला असणार आणि मग 'याचं काही काम नाही' म्हणत तो कोपऱ्यात भिरकावला असणार. हा आमच्या धंद्यातला जुना रोग. थर्मोस्टॅट काढ, पत्रा काढ, जाळी काढ. गिऱ्हाइकालाही आवाज बंद झाल्याचं समाधान. कंपनीनं तो पत्रा शोभेला लावलेला नसतो, हे मी माझ्या पोरांना सांगून सांगून थकलो. परवाच एकानं दुसऱ्या गाडीचा काढून ठेवला होता, त्याला तिथेच झापलं.

राहिला निळा धूर. तोही खरा होता. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून तेल पाझरून मॅनिफोल्डवर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळकांडीवर, उतरत होतं. ब्रीदरची नळी काजळीनं जवळजवळ बुजलेली. आतल्या दाबाला वाट नाही, म्हणून तो पॅकिंगमधून तेल बाहेर ढकलत होता. म्हणजे बाप पांढरा म्हणत होता तोही बरोबर आणि लेक निळा म्हणत होता तोही. पाण्याच्या वाफेला लोक फार भीत नाहीत, तेलाच्या धुराला भितात. भ्यायला दोन्हींना पाहिजे. कूलंटमधलं पाणी उडून गेलं की मागे ग्लायकॉल उरतं, आणि इतक्या तापलेल्या लोखंडावर तेही पेट घेऊ शकतं.

तो वळणाचा पाइप अमळनेरात मिळाला नाही, जळगावहून एसटीनं मागवला. कारागीर म्हणत होता, सरळ पाइप वाकवून बसवू. वाकवलेला पाइप वळणावर चेपतो, म्हणून नको म्हटलं. पत्रा धुळ्याला भंगारात गेलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा मिळाला. तुटक्या बोल्टवर नट वेल्ड करून तो काढला, त्यात एक दुपार गेली. गाडी पाणी खाते म्हणून पोरगा बोअरचं पाणी ओतत होता. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं हंड्यालासुद्धा पांढरा थर धरतो, इथे इंजिनात धरला होता. सगळं धुऊन काढलं आणि निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. बाटलीचं झाकणही नवं लावलं, जुन्याचं रबर फुगलं होतं. झाकणाकडे कुणी बघत नाही. साधं पाणी 100 अंशाला उकळतं, पण झाकणानं एक बारच्या आसपास दाब धरून ठेवला तर तेच 120 पर्यंत तग धरतं. म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडणाऱ्याचे हात भाजतात. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, ब्रीदर साफ केला.

पुन्हा तीच फेरी, तोच एसी, तीच सावली. बॉनेट उघडं ठेवून सगळे भोवती उभे राहिलो. पांढरं काही नाही. मॅनिफोल्डवरून निळसर बारीक रेघ मात्र उठली. ते आधी सांडलेलं तेल होतं, पुसता येईल तेवढं पुसलं होतं, पण सांदीत राहिलेलं जळूनच जातं. आप्पांना बजावून सांगितलं की दोन-तीन दिवस जरा वास येईल, रोज कमी होत जाईल, वाढला तर फोन करा. बिल सगळं धरून सात हजारांच्या आत बसलं. आप्पांनी ते दोनदा वाचलं, पत्र्याच्या भंगाराचे दोनशे रुपये जास्त लावले म्हणून घासाघीस केली आणि शंभर कमी करून घेतले.

हळदीच्या दिवशी त्यांचा फोन आलाच. मागे बेंजो वाजत होता. "मिस्तरी, वास ई ऱ्हायना." म्हणजे वास येतोय.

"गोड की जळका?"

त्यांनी फोन आक्कांकडे दिला. आक्का म्हणाल्या जळका, आणि कालच्यापेक्षा कमी.

म्हटलं, मग नवरदेवाला बसवा खुशाल.