अडतीस फुटी चाक आणि कालव्याची तहान

पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली, त्यामुळे कालवा दिसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: पाणी कुठून घेतलंय? मुलगी म्हणते, "बाबा, रिटायर झालात तरी खातं सुटत नाही तुमचं." नाहीच सुटत. पण अमेरिकेत मेरीलँडमधल्या चेसापीक सिटीचं छोटं कालवा संग्रहालय ज्या दगडी इमारतीत आहे, ती उभी राहिली ती याच प्रश्नापायी.

डेलावेअर नदी आणि चेसापीकचा उपसागर यांच्यामध्ये जमिनीचा चिंचोळा पट्टा आहे. तो कापला की फिलाडेल्फिया ते बाल्टिमोर हा पाण्यावरचा फेरा जवळजवळ ३०० मैलांनी वाचतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या चेसापीक-डेलावेअर कालव्यासाठी अभियंते बेंजामिन लॅट्रोब यांनी पाहणी केली, काम सुरू झालं आणि पैशावाचून अडलं. (हे वाचून मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.) पुढे १८२६ च्या सुमारास २,६०० मजूर कुदळ-फावड्यांनी खोदत होते, ७५ सेंट रोजाने. १८२९ मध्ये १४ मैलांचा कालवा खुला झाला.

आणि गळायला लागला. वाटेत चार लॉक होती, म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेले हौद. बोट खालच्या पातळीला उतरवायची तर हौदातलं पाणी खाली सोडायचं. हौद १०० फूट लांब, २२ फूट रुंद. तिथेच उभ्याउभ्या हिशोब केला: पातळी एक फूट उतरली तरी ६२ हजार लिटर पाणी गेलं! एका बोटीपायी. वर काठांमधून पाझर आणि बाष्पीभवन. सिंचनाच्या कालव्यात निदान शेवटी कुणाच्या तरी शेतात पाणी पोचतं. इथे बोटी पुढे जात होत्या आणि वरचा टप्पा कोरडा पडत होता.

१८३७ मध्ये वाफेचा पंप आणून बॅक क्रीक या खाडीतून पाणी वर चढवायला सुरुवात झाली. १८५२ मध्ये या पंपघरात, म्हणजे आज संग्रहालय आहे त्याच दगडी इमारतीत, वाफेचं इंजिन आलं आणि त्याच्या जोडीला चाक. या चाकासाठी तरी इथे जावं. ३८ फूट व्यास, १० फूट रुंदी, लोखंड आणि लाकूड. पाणचक्कीच्या नेमकं उलट काम: इथे पाणी चाकाला फिरवत नाही, इंजिन चाक फिरवतं आणि चाक पाणी उचलतं. आपला रहाट डोळ्यासमोर आणा, फक्त गाडग्यांऐवजी चाकाच्या अंगातच बारा कप्पे. कप्पा खाली बुडतो, भरतो, वर येता येता पाणी आसाकडे घरंगळतं आणि तिथून पाटात पडून वरच्या लॉककडे जातं. झडप नाही, दट्ट्या नाही. गाळाचं पाणी आलं तरी अडकण्यासारखं फारसं काही नाही. ज्याने हे सुचवलं, त्याने गाळ उपसलेला असणार असा माझा अंदाज.

१८५४ पर्यंत दुसरं इंजिन आलं. दोन्ही १५० अश्वशक्तीची, दिवसाला आठ टन कोळसा खाणारी. दोन्ही इंजिनं आणि चाक आजही जागेवर आहेत. तो आठ टन कोळसा रोज फावड्याने भट्टीत टाकणाऱ्या माणसांबद्दल मात्र मला इंजिनांपेक्षा जास्त वाचायला आवडलं असतं.

१९१९ मध्ये सरकारने कालवा २५ लाख डॉलरला विकत घेतला. १९२७ पर्यंत तो खोल करून समुद्राच्या पातळीला आणला, लॉक काढून टाकली. त्याबरोबर पाणी चढवायचं कारणच उरलं नाही. आज तोच कालवा ४५० फूट रुंद आणि ३५ फूट खोल आहे, मोठाली मालवाहू जहाजं त्यातून जातात.

मुलीला ती जहाजं बघायची होती, मला चाक. माझं ऐकाल तर आधी चाकाकडे जा. जहाजं काय, येतच राहतात.