जुनी फायबर बोट घेताय? आधी आत काय भरलंय ते ओळखा

मुंबईच्या किनाऱ्यावर पंधरा-वीस फुटी जुनी स्पीडबोट विकायला निघाली की हमखास ऐकू येतं, "फायबरची आहे, सडायचा प्रश्नच नाही." फायबर म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना घट्ट बांधणारं रेझिन; ते सडत नाही, हे खरं. पण त्यांच्या आत प्लायवूड, बाल्सा (अगदी हलकं लाकूड) किंवा फोम असू शकतो. दुरुस्ती सोपी निघणार की बोट अर्धी उघडावी लागणार, हे त्यावरच ठरतं.

आमच्या मते तपासणी ट्रान्समपासून सुरू करावी. ट्रान्सम म्हणजे इंजिन लटकतं ती मागची उभी भिंत. जुन्या आउटबोर्ड बोटींत ती बहुतेक वेळा फायबरच्या दोन थरांमध्ये दाबलेल्या प्लायवूडची असते, एकूण जाडी साधारण ३८ ते ५० मिमी. पाणी शिरतं ते इंजिनच्या बोल्टच्या भोकांतून, ड्रेन प्लगच्या (साचलेलं पाणी काढायच्या बुचाच्या) नळीभोवतून आणि नंतर कुणीतरी सीलंट न लावता ठोकलेल्या स्क्रूंतून. इंजिन थोडं वर उचला, खालचं टोक धरून वर-खाली हलवा आणि ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघा. कड इंजिनबरोबर हलत असेल किंवा कोपऱ्यात जेलकोटला (बाहेरच्या गुळगुळीत रंगीत थराला) तडे असतील, तर आतलं लाकूड गेलं असं समजा. खात्री करायची तर मालकाची परवानगी घेऊन आतल्या बाजूने, शक्य तितक्या खाली, ४ मिमीचं भोक पाडा. ड्रिल बिटला २५ मिमीवर टेप गुंडाळा, म्हणजे बाहेरचा थर फुटणार नाही. भुसा फिकट आणि कोरडा आला तर उत्तम. काळपट, ओला, कुबट वासाचा आला तर नवा ट्रान्सम धरूनच किंमत बोला. भोक लगेच घट्ट केलेल्या इपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या रेझिनने) बुजवा.

आता तळ. तळ सलग फायबरचा आहे की सँडविच (दोन पातळ थर आणि मध्ये वेगळा गाभा), हे कळायला बाहेरून जोरदार टॉर्च लावा आणि आत अंधार करून बघा. जेलकोट फिकट असेल आणि आत रंग मारलेला नसेल, तर सलग लॅमिनेटमधून (फायबरच्या एकावर एक चढवलेल्या थरांतून) पिवळसर उजेड झिरपतो. मध्ये बाल्सा असेल तर तो भाग अंधारा राहतो. आत रंग असेल तर ही युक्ती चालत नाही. मग पाण्याचा एखादा व्हॉल्व्ह काढून भोकाची कड बघावी: सलग असेल तर पूर्ण जाडीत काचच दिसते, सँडविच असेल तर दोन पातळ थर आणि मध्ये लाकूड किंवा फोम. आतला पोतही बोलतो. चटईसारखी चौकट वीण म्हणजे वोव्हन रोव्हिंग, अस्ताव्यस्त आखूड धागे म्हणजे चॉप्ड मॅट. आखूड धाग्यांचा थर बंदुकीने फवारलेला असेल तर जाडी ठिकठिकाणी बदलते, म्हणून अशी बोट एकाच जागी मोजून सोडू नये.

प्लास्टिकच्या हातोडीने थोड्या थोड्या अंतरावर ठोकत जा. खणखणीत आवाज ठीक. मध्येच बद्द आवाज आला तर थर सुटलेत किंवा आतला गाभा ओला आहे. मात्र आत फोम भरलेला असेल किंवा पाठीमागे टाकी असेल तिथेही बद्दच वाजतं, तेव्हा आवाजावर एकट्यावर निकाल देऊ नका. मॉइश्चर मीटर (ओल मोजायचं यंत्र) पावसाळ्यात तर फसवतोच. मिठाचा थर आणि तांब्याचा अँटीफाउलिंग (तळाला शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा) रंगही आकडा वाढवतात. गोड्या पाण्याने धुऊन, फेब्रुवारी ते मे या काळात, बोट काही दिवस कोरडी ठेवून मगच मोजावं.

स्ट्रिंगर म्हणजे तळाच्या आतून लांबीला धावणारे आधार. ते लाकडावर फायबर चढवलेले असतात किंवा फोमवर चढवलेले. फोमवाल्यांत ताकद फायबरच्या खोळीत असते, फोम फक्त आकार देतो. म्हणून तो ओला झाला तरी बोट लगेच धोक्यात येत नाही. लाकडी स्ट्रिंगर मात्र आतून भुगा होतो. दुपारच्या वाऱ्यात मांडव्याच्या वाटेवर लाटांचे मार खाल्लेल्या बोटीत स्ट्रिंगर तळापासून सुटलेला आहे का, हे दोन्ही बाजूंच्या सांध्यावर हाताचं बोट फिरवून बघा.

लाकडी होडीवर नुसतं फायबर मारलेलं असेल तर तिला फायबर बोट म्हणून घेऊ नका. आत फासळ्या दिसतात, आणि बाहेरून तिरक्या उजेडात फळ्यांच्या सरळ रेषा उमटलेल्या असतात. फायबर आणि लाकूड यांच्यामध्ये अडकलेलं पाणी बाहेर पडत नाही, आणि थर लाकडाची सडण लपवतो.

दुरुस्तीचं साहित्य त्यानंतरच ठरवा. जुन्या पॉलिएस्टर रेझिनवर इपॉक्सी छान धरते, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. त्यामुळे वरून पॉलिएस्टर जेलकोट मारायचा असेल तर खालची दुरुस्तीही पॉलिएस्टर किंवा व्हिनाइल एस्टर रेझिनमध्येच करावी. नेहमीच्या चॉप्ड मॅटमधला बाइंडर (धागे एकत्र धरणारा चिकट पदार्थ) पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रवात विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. इपॉक्सी वापरणार असाल तर विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या.