मापात पाप

रविवार, रात्री साडेदहा, धुळे

आज चर्चमध्ये प्रभुभोजन घेतलं, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, सात महिन्यांनी. इतके दिवस ताट समोर आलं की खाली मान घालून शेजारच्याकडे सरकवायचो. आई बघायची पण विचारायची नाही.

कारण कापूस. दिवाळीनंतर खेडा खरेदीला, म्हणजे गावोगाव फिरून कापूस विकत घ्यायला गेलो तेव्हा एका म्हातारीच्या मालात मी काटा मारला, 4 किलो, 70 च्या भावाने 280 रुपये झाले. तिच्या एकटीच्याच नाही, अजून सात जणांच्या, आणि रात्री वहीत सगळं लिहून ठेवायचो, का लिहायचो देव जाणे.

मला वाटायचं आधी सगळं फेडू, स्वच्छ होऊ, मग देवासमोर जाऊ. मागच्या रविवारी चर्चच्या पाळकांनी बायबलमधल्या लूकचा 19 वा अध्याय घेतला. जक्कय, यरीहो शहराचा मुख्य जकातदार, म्हणजे कर वसूल करणारा, बुटका म्हणून उंबरावर चढलेला. लहानपणी शंभर वेळा ऐकलंय, पण क्रम कधी पाहिलाच नव्हता. येशू म्हणतो खाली उतर, आज मला तुझ्या घरी राहायचंय. तोपर्यंत जक्कयने एक पैसा परत केलेला नाही! लोक कुरकुरतात की हा पाप्याच्या घरी गेला. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट, हे तो नंतर बोलतो. मोशेच्या नियमशास्त्रात फसवून घेतलेलं कबूल केलं तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच भरायचं होतं, माझ्या हिशोबाने 336 रुपये. ह्याने चौपट म्हटलं कारण कोणी मागितलंच नव्हतं, प्रभू आधीच घरात आला होता. त्या रात्री मी खूप रडलो, आणि पहिल्यांदा न फेडताच प्रार्थना केली.

काल म्हातारीकडे गेलो. 1120 रुपये खाटेवर ठेवले, सांगताना जीभ वळेना. ती शांतपणे म्हणाली, "माले तवयच समजनं व्हतं."

तिला माहीत होतं. माहीत असून फरदडीचा, म्हणजे हंगामानंतर ठेवलेल्या पिकाचा कापूसही तिने मलाच दिला होता. मी तिथेच खाली बसलो. ती म्हणाली, "बैस भाऊ, चहा ठेवस."

वहीत अजून सात नावं आहेत. उद्या पारोळ्याकडची दोन गावं करायचीत, सकाळी लवकरच निघतो म्हणजे माणसं शेतात जायच्या आधी भेटतील.